मोडशी : गोव्यातल्या एका शवविच्छेदनापासून परळच्या सशांपर्यंत

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत कुणाचे पोट बिघडले, की एखादी आजी अजूनही म्हणते, "मोडशी झालीय, ओवा चाव आणि गप पड." आज या शब्दाचा अर्थ एवढाच उरला आहे : अपचन, मळमळ, दोन-चार ढाळ. परंतु साडेचारशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर हा शब्द मृत्यूचे नाव होता. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्याचे 'मोर्देशिम' केले. फ्रेंचांनी पोर्तुगीजांकडून ऐकला आणि त्यांच्या कानाला तो 'मोर-द-शियँ' असा लागला, म्हणजे 'कुत्र्याचे मरण'. युरोपातले वाचक पुढे कितीतरी काळ समजत होते की या रोगाचे नाव फ्रेंच आहे. मुळात ते आपले मराठी-कोंकणी 'मोडणे'. शरीर मोडून पडते, म्हणून मोडशी.

आजचा हा धागा लांबणार आहे. विषय आहे आतड्याच्या आतल्या अस्तराचा : एका पेशीएवढ्या जाडीचा तो पडदा जंतू समोर आला की काय करतो, आणि हे समजायला माणसाला इतका उशीर का झाला. उशिराचे कारण ऐकलेत तर चकित व्हाल. माणसे चुकीच्या ठिकाणी पाहत नव्हती. योग्य ठिकाणीच पाहत होती, पण चुकीच्या वेळी.

प्रारंभ १५४३ सालापासून करू. गोव्यात मार्तिम अफोन्सु द सोझा हा गव्हर्नर होता आणि गास्पार कोरैया हा बखरकार तेथेच राहत होता. त्या पावसाळ्यात शहरात एक साथ उसळली. कोरैया तिचे स्थानिक नाव नोंदवतो : 'मोरिशी'. पोटात असह्य कळा, वांत्या, ढाळ, हातापायांना गोळे, डोळे खोल जाणे, आणि पाहता पाहता अंत. दिवसाला बारा, पंधरा, वीस प्रेते निघू लागली. चर्चच्या घंटा इतक्या अखंड वाजू लागल्या की लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नराने मृत्युघंटा वाजवण्यास बंदी केली.

पुढची गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण वाटते. इस्पितळात या रोगाने एक मनुष्य मेला, तेव्हा गव्हर्नराने जाणत्या वैद्यांना एकत्र बोलावून ते प्रेत उघडण्याची आज्ञा केली. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, साथीच्या रोगाचे कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन झाले. त्यांना आत काय आढळले? विशेष काहीच नाही. पोटाची पिशवी तेवढी कोंबडीच्या पेटासारखी आक्रसलेली आणि आगीत होरपळलेल्या कातड्यासारखी सुरकुतलेली होती. शरीरातले पाणी निघून गेल्यावर जसे दिसावे तसेच ते वर्णन आहे. पण पाणी गेले कोठून आणि कसे, याचे उत्तर त्या प्रेताजवळ नव्हते.

ही साथ आजच्या अर्थाने पटकीचीच, म्हणजे कॉलऱ्याचीच होती काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्व शंका मान्य केल्या तरी वर्णन मात्र फार जवळ जाते.

वीस वर्षांनी, १५६३ साली, गोव्यातच गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय औषधींवरील आपला संवादग्रंथ छापला. ओर्ता म्हणजे तोच, ज्याला मुंबईचे बेट पोर्तुगीज सत्तेने पट्ट्याने दिले होते. आणि तोच, ज्याच्या मृत्यूनंतर, तो छुपा ज्यू होता म्हणून, इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. त्याने एक पूर्ण संवाद या रोगाला दिला आहे. स्थानिक लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात आणि आमचे लोक त्याचा अपभ्रंश करतात, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. रोगाचा जोर जून-जुलैत असतो हे त्याने नेमके टिपले. कारण मात्र त्याने अतिभोजनात शोधले. आजीच्या 'मोडशी'त तीच समजूत अद्याप जिवंत आहे.

उपचार काय होते? टाच डागणे. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच प्रवासी देलाँ तापवलेल्या लोखंडाने टाचेला डाग देण्याची रीत सांगतो, आणि इंग्रज डॉक्टर फ्रायर अशा रुग्णांना निर्दयपणे डागण्या दिल्या जातात असे लिहितो. आपण हसण्याची घाई करू नये. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाने याच रुग्णांच्या शिरा कापून रक्त काढले आणि त्यांना पाऱ्याचे कॅलोमेल पाजले. ज्याच्या अंगातले पाणी आटून रक्त काकवीसारखे घट्ट झाले आहे, त्याचे आणखी रक्त काढायचे! माझ्या मते त्या मानाने डागणीने कमी माणसे मारली असावीत.

१८१७ साली बंगालमध्ये जेसोर येथून पटकीची पहिली जगभर पसरलेली साथ निघाली. त्याच सुमारास इंग्रज आणि मराठे यांचे शेवटचे युद्ध चालू होते. फौजांबरोबर, बैलांच्या तांड्यांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर ती दख्खनेत उतरली. १८१८ साली पेशवाई बुडाली, रत्नागिरीचा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पटकी मुंबईत पोचली. राज्य आणि रोग एकाच वर्षी बदलले, म्हणून लोकांच्या मनात दोन्हींची सांगड बसली असेल तर नवल नाही. पुढे शतकभर ती या किनाऱ्यावर पुनःपुन्हा येत राहिली. जरीमरीच्या ज्या घुमट्या आज गावाच्या वेशीवर शेंदूर माखून उभ्या आहेत, त्यांच्या नवसांमागे ही भीती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८५४ साली फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याने पटकीने मेलेल्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्याला दोन गोष्टी दिसल्या : स्वल्पविरामासारखे असंख्य जंतू, आणि गळून पडलेले अस्तर. तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉखने कोलकात्यात जंतू पक्का केला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा त्याचा तर्कही होता. पण 'अस्तर गळून पडते' ही समजूत पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली ती बसलीच. भाताच्या पेजेसारख्या त्या जुलाबात तरंगणारे पांढरे कण म्हणजे आतड्याची सोललेली सालच, असे डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

ही चूक केवळ पुस्तकी नव्हती. अस्तरच नाहीसे झाले असेल, तर तोंडाने दिलेले पाणी शोषणार कोण? मग पाजून उपयोग नाही. रुग्णाला वाचवायचे तर पाणी शिरेतूनच द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्सने कोलकात्यात शिरेतून मिठाचे पाणी देऊन मृत्यू खरोखरच पुष्कळ कमी केले. परंतु त्याला हवे निर्जंतुक पाणी, सुया, बाटल्या, शिकलेले हात. संगमेश्वराच्या किंवा राजापूरच्या डोंगरातल्या वाडीत पावसाळ्यात, खाड्या भरलेल्या असताना, हे सारे कोण नेणार? एका चुकीच्या कल्पनेने उपचार इस्पितळाच्या भिंतींआड कोंडून ठेवला.

लसीचेही थोडे तसेच झाले. हाफकिनने १८९३ पासून भारतात पटकीची लस टोचण्यास आरंभ केला, तोही मोठ्या धाडसाने. पुढे ही टोचलेली लस अनेक दशके यात्रांच्या वाटेवर आणि बंदरांवर सक्तीची राहिली. पण टोचलेल्या लसीमुळे संरक्षण मुख्यतः रक्तात उभे राहते, आणि पटकीचा जंतू रक्तात जातच नाही. तो आतड्याच्या पोकळीत, अस्तराच्या बाहेरच्या अंगाला बसून काम करतो. संरक्षण तोकडे, तेही थोड्या महिन्यांचे. अखेर १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने या लसीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली.

मग कोडे सुटले कोठे? दोन-तीन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी, आणि त्यांतले एक ठिकाण परळ आहे.

अडचण अशी होती की पटकी माणसाशिवाय कुणाला होतच नसे. मोठ्या सशाला जंतू पाजले तरी तो मजेत गवत खातो. संशोधक मग जंतू सशाच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचत. ससा मरे, पण पटकीने नव्हे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात, एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ साली यावर उपाय प्रसिद्ध केला : सशाची अगदी लहान, अंगावर पिणारी पिल्ले घ्या आणि त्यांच्या आतड्यातच जंतू सोडा. पिल्लांना माणसासारखीच पटकी झाली. प्रयोगशाळेला प्रथमच खऱ्या रोगाशी जुळणारा प्राणी मिळाला.

तिकडे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५३ साली वेगळी युक्ती काढली होती. मोठ्या सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, आत जंतू सोडायचे आणि वाट पाहायची. काही तासांत तो तुकडा पाण्याने टंच फुगे. मग १९५९ साली डे यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव आत घातला. तरीही आतडे फुगले! म्हणजे करामत जंतूच्या देहाची नव्हे, त्याने सोडलेल्या विषाची. त्याच वर्षी हाफकिन संस्थेतून दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवरील प्रयोगांतून स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष जाहीर केला : पटकीच्या विषानेच पटकी होते.

डे यांना आयुष्यभर मिळायला हवा होता तो मान मिळाला नाही, हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. पण पानसे आणि कुलकर्णी ही नावे मराठी वाचकांना तरी ठाऊक आहेत काय? हाफकिन म्हटले की आपल्याला प्लेगची लस आणि सापाचे विष आठवते. परळच्या त्या सशांचा उल्लेख मी तरी मराठीत अभावानेच पाहिला आहे.

लगेच १९६० साली तिसरा तुकडा जुळला. बँकॉकमध्ये पटकीची साथ होती. तेथे यूजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी गिळता येणाऱ्या एका छोट्या कुपीने जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक नमुने काढले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो अस्तर शाबूत! कोठेही सोललेले नाही. मग शंभर वर्षे सर्वांना गळलेले अस्तर कसे दिसत होते? कारण ते सारे प्रेतांत पाहत होते. मृत्यूनंतर काही तासांतच आतड्याचे अस्तर आपोआप सुटू लागते. ते रोगाचे लक्षण नव्हते, मरणाचे होते. १५४३ च्या गोव्यापासून माणसे मेलेल्या आतड्याला प्रश्न विचारत होती, आणि या प्रश्नाचे उत्तर जिवंत आतड्याजवळच होते.

आता त्या जिवंत पेशीत काय घडते ते पाहू. विषाचे दोन भाग असतात. एक भाग पाच तुकड्यांचे कडे करून पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट स्निग्ध रेणूला चिकटतो. दुसरा भाग आत शिरतो आणि पेशीतली एक कळ 'चालू' स्थितीत अडकवून टाकतो. परिणामी पेशीत एक निरोप्या रेणू साचत जातो, क्षाराची दारे सताड उघडतात, क्लोराइड बाहेर धावते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पेशी मात्र मरत नाही. ती आपले नेहमीचेच काम करते, फक्त थांबायचे विसरते. शत्रूने किल्ला पाडला नाही; किल्लेदाराची मुद्रा चोरून खोटा हुकूम दिला, असे म्हणा हवे तर.

आणि पेशी जिवंत असल्यामुळेच तिचे दुसरे एक दार चालू राहते. त्याच १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे रॉबर्ट क्रेनने मांडले की आतड्याची पेशी साखर आत घेताना सोडियमला सोबत घेते, जोडीने. पटकीचे विष या दाराला हात लावत नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र पाजली, तर पाणी त्यांच्या पाठोपाठ आत येते. १९६८ पर्यंत ढाक्यात हे रुग्णांवर सिद्ध झाले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी पिंपांत मीठ-साखरेचे पाणी कालवले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आले.

कोकणी माणसाला येथे पेज आठवल्याशिवाय राहणार नाही. तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ. १९८० च्या दशकात तांदळाच्या पिठाची जीवनरक्षक पेये तपासली गेली आणि पटकीत ती साखरेच्या पेयाइतकीच, काही बाबतींत अधिक, उपयोगी ठरली : पिष्टाची साखर हळूहळू सुटते आणि तेच दार उघडते. म्हणून 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे मी म्हणणार नाही. ठाऊक असते तर टाच डागली नसती. पेज घरात होती. ती वाटीभर नव्हे तर घागरीने, आणि तीही रुग्ण ओकत असतानाच चिकाटीने पाजायची, हे मात्र कुणी सांगितले नव्हते.

शेवटचा भाग आजच्या रोगाचा. पटकी ओसरली, पण आतड्याचे अस्तर आणि जंतू यांचा तंटा मिटला नाही. त्याने रूप पालटले. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज किंवा आयबीडी हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यात मुख्यतः दोन रोग येतात : अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज. यांत बाहेरून आलेला एखादा एकटा खलनायक नसतो. येथे भांडण घरातल्याच बिऱ्हाडकरूंशी, म्हणजे आतड्यात कायम वसलेल्या जंतूंशी असते.

निरोगी मोठ्या आतड्यात पेशींवर श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात जंतू राहतात, आतला थर जवळजवळ निर्जंतुक असतो. आपल्याकडे घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो ना, तसा. गडग्याबाहेर गुरे चरोत, कुणाची हरकत नसते. पेशींनाही पहारेकरी असतात, पण त्यांतले काही मोठ्या शहाणपणाने नेमलेले आहेत : जंतूंच्या शेपटीतले प्रथिन ओळखणारा एक पहारेकरी पेशीच्या पोकळीकडच्या अंगाला नव्हे, तर मुख्यतः मागल्या अंगाला बसतो. म्हणजे जंतू बाहेर हिंडले तर हाक नाही. घरात घुसला तरच बोंब. आयबीडीत हा बंदोबस्त ढिला पडतो. कोलायटिसमध्ये आतला थर जंतूंना अडवू शकत नाही, पेशींमधले सांधे सैल होतात, आणि एकदा हाका सुरू झाल्या की पेशी रक्तातल्या लढाऊ पेशींना बोलावणारी रसायने सोडत राहतात. आलेले सैनिक जंतूंबरोबर घरही जाळतात. पटकीत अस्तर गळत नव्हते आणि सारे म्हणत होते गळते. येथे ते खरोखरच झिजते, त्यावर व्रण पडतात.

२००१ साली क्रोन्सशी जोडलेले पहिले जनुक सापडले, नॉड-२. जंतूंच्या भिंतीचा तुकडा पेशीच्या आत ओळखण्याचे काम त्याचे. युरोपीय रुग्णांत त्याची जी सदोष रूपे वारंवार आढळली, ती भारतीय रुग्णांत मात्र फारच क्वचित मिळाली. तरीही गेल्या काही दशकांत भारतात हा रोग वाढत आहे. म्हणजे युरोपातले उत्तर येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

आणखी एक पेच आपला खास आहे. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रुग्णांवरून हा रोग वर्णिला, तेव्हा त्यांना तो आतड्याच्या क्षयापासून वेगळा काढावा लागला. तेथे ते पुढे सोपे होत गेले, कारण क्षयच कमी झाला. आपल्याकडे क्षय अद्याप आहे, आणि दोन्ही रोग बहुधा आतड्याच्या त्याच कोपऱ्यात, लहान आणि मोठे आतडे मिळतात तेथे, जवळजवळ सारख्याच खुणा करतात. क्षय समजून क्रोन्सला औषधे दिली तर महिने वाया जातात. क्रोन्स समजून क्षयाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर क्षय अंगभर पसरू शकतो. म्हणून पुष्कळदा डॉक्टर आधी काही महिने क्षयाची औषधे देऊन पाहतात, आणि पुन्हा दुर्बीण घालून जिवंत अस्तराचे मोहरीएवढे तुकडे काढून त्यात व्रण भरला की नाही ते पाहतात.